गिटारीसाठी दोन पोती मीठ

डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक उजव्या अनामिकेच्या टोकापेक्षा ०.४ मिलिमीटरनं जाड होतं. निशिगंधा गावंडेनं ते प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरनं तीनदा मोजलं, सरासरी काढली, उपकरणाची शून्य त्रुटी वजा केली आणि मगच वहीत लिहिलं. कातडीचा तो घट्टा पिवळसर होता. नखानं टोचला तरी कळत नव्हता, आणि त्यावर तारेच्या जाडीची एक बारीक खाच पडलेली होती. आर्णीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंच्या अंगावर सोन्याचे चार डाग होते. पण स्वतःच्या अंगावरची जी वस्तू तिला मनापासून आवडायची ती हीच, आणि नेमकी ती कोणाला दाखवता येत नव्हती.

कारण सगळ्या गल्लीच्या मते गिटार तिचा नवरा वाजवत होता.

गिटार घरात आली ती निव्वळ शैक्षणिक कारणानं. बारावीला ताणलेल्या तारेवरच्या तरंगांचा धडा असतो. कॉलेजातलं तारेच्या प्रयोगाचं उपकरण, सोनोमीटर, गंजून गेलेलं. म्हणून तिनं यवतमाळहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि बिस्किटाच्या डब्याएवढा अॅम्प्लिफायर आणला. वर्गात तरंग नीट दाखवून झाले. मुलांनी आकृत्या काढल्या. इथवर सगळं अभ्यासक्रमाला धरून होतं. मग एका संध्याकाळी, अॅम्प्लिफायरवरची सगळी बटणं काय करतात हे माहीत असलं पाहिजे या कर्तव्यबुद्धीनं, तिनं ‘गेन’ लिहिलेलं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि सहावी तार छेडली.

एखाद्या लोखंडी पुलानं घसा खाकरावा तसा तो आवाज होता. कपाटातल्या कपबशा शहारल्या. निशिगंधानं तार पुन्हा छेडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं प्रयोगाचा निकाल न तपासता मान्य केला होता.

त्या दिवसापासून सोळा महिने, रोज संध्याकाळी सात ते आठ, ती हेवी मेटल शिकत होती. गुरू कोणी नव्हता. फोनवरचे व्हिडिओ आणि एक वही. गाणं एकच धरलं होतं, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या चार केसाळ इसमांचं, साडेचार मिनिटांचं. त्याची लय मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोक्यांची. तिनं सुरुवात साठपासून केली आणि दर आठवड्याचा वेग आलेखकागदावर मांडत गेली. आलेख सुंदर चढला होता. फक्त एकशे बेचाळीसवर तो अडीच महिने आडवा पडला होता. त्या काळात घरात भाज्या खारट व्हायच्या, असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं ‘निष्कर्ष’ असं लिहून पुढं रिकामी ओळ सोडली होती. गाणं पूर्ण वेगात, न अडखळता वाजलं की ती ओळ भरायची आणि मगच जगाला सांगायचं. अर्धवट प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर करणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

जग मात्र तेवढं थांबलं नाही.

समोरच्या घरात राहणारे पूनमसिंग राठोड एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून माणसाचं मत ऐकण्यासारखं होतं, असं त्यांचं स्वतःचं मत. सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी त्यांनी निशिगंधाच्या नवऱ्याला, तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत अधिकारी असलेल्या कपिलला, फाटकाशी गाठलं.

“काय साहेब, लय जोर लावता तुम्ही गिटारीले! काल आमचे टीनाचे पत्रे थरथरले. मी म्हटलं, साहेबाच्या अंगात एवढी हवा हाये हे मले मालूमच नव्हतं!”

आणि त्यांनी कपिलच्या पाठीत एक कौतुकाची थाप मारली.

इथं कपिलवर अन्याय होऊ नये. तो खोटं बोलला नाही. त्यानं ‘मी नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण थापेच्या जोरानं शब्दांच्या जागी नुसती हवा बाहेर आली, आणि तोंड उघडलंच आहे तर म्हणून तो हसला. एवढंच. त्या एका हसण्यावर पुढं सव्वा वर्षाचा लौकिक उभा राहिला. चौकातल्या पानटपरीवर त्याला ‘गिटारवाले साहेब’ म्हणू लागले. त्यानं केस कानावर येऊ दिले. कचेरीतल्या आणि घरातल्या टेबलावर तो बोटांनी ताल धरू लागला, आणि तो ताल, निशिगंधाच्या मोजणीनुसार, कधीच सम नसायचा.

तिला राग आला का? आला. पण तो तिनं वहीत नोंदवला नाही. लग्न होऊन आल्यापासून ती सासूबाईंच्या भजनी मंडळात पेटी वाजवत होती, आणि पेटीवाली मागं बसते हे तिला ठाऊक होतं. गाणाऱ्या बायकांच्या पाठी आणि अंबाडे यांविषयी आर्णीत तिच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

सासूबाई म्हणजे इंदूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म शेतीत गेलेला. सात वाजता आतल्या खोलीतून त्यांची आरोळी यायची, “झाला वाटते हडंबा चालू! किती पोते झाले वो सोयाबीनचे?” मळणीयंत्राला तिकडं हडंबा म्हणतात. ही टीका आहे की चौकशी, याचा निर्णय निशिगंधाला सोळा महिन्यांत करता आला नव्हता.

अशा स्थितीत जानेवारीत कपिल एक दिवस कचेरीतून आला आणि चहा न मागता खुर्चीत बसला.

“निशा, एक गोष्ट सांगू का? तू रागावशीन तं नाही?”

“सांगा.”

“यवतमाळले कर्मचारी आणि कुटुंबीयांचा कला महोत्सव हाये. आमच्या साहेबानं माह्यं नाव देऊन टाकलं. गिटारीसाठी.”

“मग सांगा ना त्यांना, की तुम्ही वाजवत नाही.”

“आता कसं सांगू वो? सालभरापासून लोक शाबासकी देऊन राह्यले. अचानक नाही म्हटलं तं माणूस नोकरीतबी खोटं बोलते असं वाटन त्यायले.” कपिलनं पायातल्या मोज्याकडं पाहिलं. “म्या एक इचार केला. तू पडद्याच्या मांगून वाजव. मी समोर उभा राह्यतो. हात हालवतो फक्त.”

“पाहू,” निशिगंधा म्हणाली.

बाहेरच्या माणसाला हा शब्द अनिश्चित वाटेल. पण गावंडेंच्या घरात निशिगंधाच्या ‘पाहू’ला लग्नापासून एकच अर्थ होता, आणि तो ‘हो’ असा होता. पाहुणे मुक्कामाला येऊ देत का? पाहू. कॉलेजातली विभागप्रमुखाची जागा सोडून देशील का, ते दुसरे सर बिचारे त्या जागेच्या मागे लागलेत? पाहू. कपिलनं सुटकेचा श्वास सोडला आणि चहा मागितला.

महोत्सवाचा अर्ज फ्रीजवर ठेवला गेला. नावाच्या जागी कपिलचं नाव शिसपेन्सिलीनं. सोबत एका मिनिटाचं ‘स्वच्छ ध्वनिमुद्रण’ जोडायचं होतं, शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची. हात कसा हलवायचा ते तरी कळावं म्हणून कपिलनं त्याच संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवली. अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून तारांना हात लावला आणि डोळे मिटले.

“निशा,” तो गदगदून म्हणाला, “मले अंगात काईतरी उतरून राह्यल्यासारखं वाटते. झिनझिन्या येते. हे कलाच असन न?”

निशिगंधानं मल्टिमीटर आणून लावला.

“अडतीस व्होल्ट,” ती म्हणाली. “अर्थिंग गेलंय.”

ती स्वतः कायम रबरी चपला घालून वाजवायची, म्हणून तिला हा साक्षात्कार झाला नव्हता. पण अॅम्प्लिफायरमधून सतत येणारी जी गुणगुण सोळा महिने तिला छळत होती तिचं कारण आता मिळालं. ध्वनिमुद्रण ऐकलं तर गाण्याच्या पाठीमागं कोणीतरी गिरणी चालवत होतं. हे स्वच्छ नव्हे. आणि निशिगंधाच्या हातून अस्वच्छ निरीक्षण कधी बाहेर गेलेलं नव्हतं, मग ते नवऱ्याच्या नावानं जाणार असलं तरी.

वायरमननं घराच्या कोपऱ्यातला जुना खड्डा पाहिला, जिभेनं टाळूवर आवाज काढला. “म्याडम, हा तं कोरडा खट्ट झाला. नवा खना. आठ फूट. दोन पोते मीठ, दोन पोते कोयसा. वरून पानी.”

किराणा दुकानदारानं मिठाचा आकडा दोनदा विचारला. “पोराचं लग्न हाये का म्याडम? आपल्याकडं पंगतीले बी एवढं लागत नाही.” तिनं सांगितलं की ते जमिनीत घालायचं आहे. त्यावर त्यानं ‘बरं’ म्हटलं, पण असं म्हटलं की ते संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं.

सोमवारी दोन मजूर खणायला लागले. इंदूबाईंनी आधी जमिनीवर हळदकुंकू वाहिलं, लिंबू कापला. निशिगंधाला त्याचं वावडं नव्हतं. लिंबाच्या रसानं माती ओलसर झाली तर वाहकता वाढलीच असती. मजूर कमरेपर्यंत खाली गेले तेव्हा पूनमसिंग रस्ता ओलांडून आले. त्यांनी मिठाचं पोतं उघडलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“हे कायचं मीठ आनलं म्याडम? ही तं तोंडाले लावाची पावडर हाये!”

“आयोडीनयुक्त आहे,” निशिगंधा म्हणाली.

“असन. पन मिठाचं मले इचारा. आमच्या बापजाद्यायनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, गावोगाव. लदेणी म्हणत त्याले. मीठ आनि राठोड एकच. बारीक मीठ खाव, जाडं मीठ गाडाव. हे पोते वापस करा. मी आनून देतो खडे मीठ.”

आणि खरंच, दुपारी त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलवर दोन पोती खडे मीठ आणलं. निशिगंधानं खडा हातात घेऊन पाहिला. मोठा खडा सावकाश विरघळतो, ओल धरून ठेवतो. त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. मीठ वाहणाऱ्यांच्या वंशजानं एका गिटारीसाठी पोती वाहिली, याचा दोघांनाही मनातून अभिमान वाटला, आणि दोघांनीही तो वायरमनच्या चुका काढून व्यक्त केला.

पण जुनी पोती परत जायची होती. ती ओसरीवर राहिली, आणि राठोडांच्या तीन बकऱ्यांना त्यांचा वास लागला. बकरीला मीठ दिसलं की तिच्यातली सगळी सभ्यता संपते. त्यांनी पोतं फाडलं, पोटभर चाटलं, मग तहान लागून इंदूबाईंची तुळस धरून दिसेल ते ओलं खाल्लं, आणि त्यांतली एक, पाणी असेल या आशेनं खड्ड्यात डोकावली व आत गेली.

“याडी!” असा आपल्या बंजारा बोलीत आईचा धावा करत पूनमसिंगांची बायको रामीबाई धावली. ती गोधडीवर कशिदा काढत बसली होती. सुई बोटातच होती. शिडी आली, दोर आला, सल्ले आले. बकरीला शेपटाकडून काढा म्हणणारे आणि शिंगाकडून काढा म्हणणारे असे दोन पक्ष पडले. बकरी शेवटी स्वतःच शिडीनं वर आली. रामीबाईनं तिला दोन धपाटे घातले आणि मग निशिगंधाचा हात हातात घेऊन म्हणाली, “माफ करजा बाई.” हात तिनं जरा जास्तच वेळ धरला, त्याच्याकडं पाहिलं, निशिगंधाकडं पाहिलं, आणि बकरी घेऊन गेली.

एवढी गर्दी खड्ड्याभोवती पाहून वामनराव थांबले. हे गल्लीच्या टोकाला राहत. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, आणि आता हातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी सांगणारे. नारळ त्यांच्या पिशवीत कायम असे, जसा डॉक्टरांकडं स्टेथोस्कोप.

“बोअर मारून राह्यले का?”

“नाही वामनराव. अर्थिंगचा खड्डा आहे.”

“तेच ते,” वामनराव म्हणाले आणि तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात चालू लागले. फाटकापाशी नारळ उभा राहिला. “एकशे चाळीस फूट! दोन इंच पानी! अर्थिंग कायले करता, नळ बसवा नळ!”

निशिगंधानं सांगून पाहिलं की तळहात वाकला की गुरुत्वमध्य सरकतो. पण त्या गल्लीत नळ आठवड्यातून दोनदा यायचा. गुरुत्वमध्यात कोणाला रस नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी तीन घरांनी पाइप टाकण्याची परवानगी मागितली. मंगळवारी खड्ड्यात अर्थिंगचा पाइप उभा राहिला, तळाशी मीठ-कोळसा पडला, आणि बुधवारी सकाळी नोटीस आली. विनापरवाना विंधन विहीर. काम तत्काळ थांबवावे. खाली शिक्का होता, पण तो इतका पुसट आणि उलटा उठला होता की नोटीस नेमकी कोणत्या कार्यालयाची हे शोधण्यातच दुपार गेली.

शेवटी जे कार्यालय सापडलं तिथल्या टेबलावरच्या माणसानं तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही बोअर मारली नाही.”

“नाही.”

“मंग तसा अर्ज करा. नमुना बोअरचाच हाये.” त्यानं कंप्युटरकडं तोंड केलं. “खोली किती?”

“शून्य. बोअर नाहीच आहे.”

“शून्य घेत नाही म्याडम हा. कमीत कमी एक टाकाव लागते.”

“पण एक फूट लिहिलं तर बोअर आहे असं होईल.”

“तेच तं सोपं जाते. आहे म्हटलं की मंग नाही म्हनता येते.” त्यानं एक टाकला. “कशासाठी? शेती, पिन्याचं पानी, उद्योग, जनावरं. यातलं एक सांगा.”

“यातलं काहीच नाही.”

“खड्ड्यात आजवर काय काय गेलं?”

“एक बकरी,” निशिगंधा म्हणाली. सत्य सांगायची सवय वाईट.

“मंग झालं तं! जनावरं.”

अशा रीतीनं एका पदव्युत्तर पदवीधारक बाईंनी, एक फूट खोल बोअर जनावरांसाठी मारल्याच्या कागदावर सही केली. ‘शेरा’ या कोपऱ्यात तिनं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं : सदर खड्डा विद्युत उपकरणाच्या भूसंपर्कासाठी आहे. स्थळपाहणी होईपर्यंत खड्ड्याला हात लावायचा नव्हता. पाहणी गुरुवारी अकराला. शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख.

गुरुवारी ती आणि कपिल दोघांनीही रजा टाकली. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी रजा न टाकताच हजेरी लावली. पाहणीला आलेले साहेब, राजदीप नावाचे, नीटस इस्त्रीचे आणि थकलेले गृहस्थ होते. त्यांनी खड्ड्यात टेप सोडली. पंच म्हणून पूनमसिंग आणि वामनराव उभे राहिले, आणि वामनरावांनी आपला नारळ पुरावा म्हणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला.

“आठ फूट. पाइप उभा. तळाशी मीठ, कोळसा,” साहेबांनी लिहिलं. मग चष्मा वर केला. “पाणी नाही. जनावरं नाहीत. खड्डा कशासाठी?”

“गिटारीसाठी,” निशिगंधा म्हणाली.

साहेबांनी पुन्हा एकदा खड्ड्यात डोकावून पाहिलं. “पुरायची हाय का?”

“नाही, वाजवायची आहे.”

“पानीच लागन साहेब,” वामनराव मध्ये पडले. “एकशे चाळीसवर. मी लिहून देतो.”

“हे असंच पंचनाम्यात लिहिलं तं माह्यी बदली होईन,” साहेब म्हणाले. “गिटार कोण वाजवते?”

वीस-पंचवीस हात एकदम कपिलकडं उठले. कोणी शिट्टीसुद्धा मारली.

“वाजवून दाखवा. म्हणजे मले डोयानं पाह्यलं असं लिहिता येईन.”

निशिगंधानं आधी मेन स्विच बंद केला, खड्ड्यातल्या पाइपला तार जोडली, मीठ-कोळशावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि स्विच पुन्हा चालू केला. मल्टिमीटरचा आकडा अडतीसवरून दोनवर आला. अॅम्प्लिफायर चालू केला, आणि काहीच ऐकू आलं नाही. गुणगुण नव्हती. पूर्ण, स्वच्छ शांतता. अंगणातल्या इतर कोणाला ती ऐकू आली नसेल, पण निशिगंधाला ती फार मोठ्यानं ऐकू आली. हिच्यासाठी तिनं जमीन खणली होती.

कपिलनं गिटार गळ्यात घातली. सहाही तारांवरून एकदा हात फिरवला. जे निघालं त्याला आवाज म्हणता येईल. मग अॅम्प्लिफायरनं अशी किंकाळी फोडली की बकऱ्या घरामागं पळाल्या.

“आज सूर लागून नाही राह्यला,” कपिल म्हणाला. “बोट दुखते जरा.”

“बोट दुखते?” भिंतीपलीकडून रामीबाई म्हणाली. ती गोधडी बाजूला ठेवून सरळ फाटकातून आत आली. “साहेब, त्यायची बोटं पाहा. लोन्यासारखी हायेत. दोन घडीचं काम त्या बोटायनं कधी केलं नाही.” आणि तिनं निशिगंधाचा डावा हात उचलून सगळ्यांसमोर धरला. “हे पाहा. सुई धरनारीच्या उजव्या बोटाले घट्टा पडते. माह्या बी हाये. मंग ह्या बाईच्या डाव्या हाताच्या चारी बोटायले घट्टा कायचा? अन् त्यात तारेची खाच काहून? साल झालं मले मालूम हाये. मी म्हटलं, बाई कवा बोलते ते पाहाव.”

कपिलनं गिटार गळ्यातून काढली. ती निशिगंधाकडं देताना त्यानं पट्टा नीट सरळ करून दिला, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

निशिगंधानं फोनवर गाण्यातला नुसता ड्रम लावला. एकशे अडुसष्ट. घरात तिचा आजवरचा उच्चांक एकशे एकसष्टचा होता. ती उभी राहिली. सोळा महिन्यांत तिनं उभं राहून कधी वाजवलं नव्हतं, पण बसायला जागा नव्हती, तिथं मिठाचं पोतं होतं. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवली, म्हणजे आवाज दबून धपधपावा, आणि सुरू केलं.

पहिल्या मिनिटात पूनमसिंगांचे पत्रे बोलू लागले. दुसऱ्या मिनिटात तिच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत. ठोके आपोआप बोटांत येत होते, घोडा आपला रस्ता ओळखतो तसे. तिसऱ्या मिनिटात ती जागा आली जिथं डावा हात चौथ्या पट्टीवरून एकदम बाराव्या पट्टीवर न्यायचा असतो आणि जिथं वेग वाढवला की ती रोज अडखळत आली होती. हात गेला. पोचला. एक सूर किंचित कच्चा लागला. तो तिनं मनात नोंदवला आणि पुढं गेली. भिंतीवरचा नारळ आधी थरथरला, मग डुलला, मग गडगडत येऊन खड्ड्यात पडला.

“पाह्यलं?” वामनराव कुजबुजले. “पान्याकडंच चालला!”

शेवटचा ठोका संपला तेव्हा अॅम्प्लिफायरनं पुन्हा ती स्वच्छ शांतता सोडली. पूनमसिंगांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“याले म्हनते इंजिन,” ते म्हणाले. “टॉप गेरमध्ये घाट चढली बाई. मी उगाच सालभर दुसऱ्याच ड्रायव्हरची पाठ थोपटली.”

आतल्या दारात इंदूबाई काठीवर टेकून उभ्या होत्या. “आज नाही अटकला हडंबा,” त्या म्हणाल्या. “रोज तिथंच अटके. मी मनात म्हनो, आता निंघन, आता निंघन.”

निशिगंधानं वळून सासूबाईंकडं पाहिलं. म्हणजे सोळा महिने आतल्या खोलीत बसून कोणीतरी आणखी एक आलेख काढत होतं.

साहेबांनी घाम पुसला आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. “सदर खड्डा विद्युत गिटारीच्या भूसंपर्काकरिता असल्याचे आढळले. गिटार पंचांसमक्ष वाजवून पाहण्यात आली व ती वाजली. खड्ड्यात एक नारळ मिळून आला. वाजवणाऱ्याचं नाव?”

कपिल तिच्याजवळ सरकला. “निशा,” तो हळूच म्हणाला, पण सगळं अंगण इतकं गप्प होतं की ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, “उद्या शेवटची तारीख हाये. ते पडद्याचं… काय करावं?”

“कायचा पडदा?” इंदूबाईंनी विचारलं.

साहेबांचं पेन कागदावर थांबलं होतं. रामीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. निशिगंधानं तोंड उघडलं, आणि सवयीनं ‘पाहू’ हा शब्द जिभेच्या टोकाशी आला. तिनं तो तिथंच थांबवला. डाव्या अंगठ्यानं अनामिकेवरची खाच एकदा चाचपून पाहिली. तिला वहीच्या शेवटच्या पानावरची ती रिकामी ओळ आठवली, आणि ती भरायला आता एकही निरीक्षण बाकी नाही हेही कळलं.

“लिहा साहेब,” ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “निशिगंधा गावंडे. गिटार मी वाजवते. आणि अहो, तो फ्रीजवरचा अर्ज आणि खोडरबर घेऊन या. यवतमाळलाही मीच वाजवणार आहे. पडद्याच्या पुढं.”